फ्रीबीएसडीचा कर्नल ट्यून करताना आकड्याआधी प्रकार बघा

कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, सेटिंग बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'आकडा किती ठेवू?' फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याआधी बघायला हवं की ही सेटिंग बदलता कधी येते. काही चालू मशीनवर सिससीटीएल कमांडने बदलतात. त्या कायम ठेवायला इटीसी डिरेक्टरीतली सिससीटीएल.कॉन्फ फाइल. काही फक्त बूट होताना वाचल्या जातात. त्यांची जागा बूट डिरेक्टरीतली लोडर.कॉन्फ; लोडर म्हणजे कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम. आणि एचडब्ल्यू.एनसीपीयूसारख्या (मशीनमधल्या सीपीयूंची संख्या) काही नुसत्या माहितीपुरत्या.

ओळखायचं कसं? सिससीटीएलला डॅश आणि छोटा डी दिला की सेटिंगचं वर्णन मिळतं. मोठा टी दिला की लोडरमधून बदलता येणाऱ्यांची यादी, मोठा डब्ल्यू दिला की चालू मशीनवर बदलता येणाऱ्यांची. काही नावं दोन्हीकडे दिसतात. कर्न.मॅक्सप्रॉक (एका वेळी किती प्रोसेस चालतील याची मर्यादा) चालू मशीनवर बदलायला गेलात तर 'रीड ओन्ली ट्यूनेबल' असं उत्तर येतं आणि लोडर.कॉन्फकडे बोट दाखवलं जातं. कर्न.आयपीसी.एनएमबीक्लस्टर्स (नेटवर्कसाठीच्या बफरची मर्यादा) चालू मशीनवर वाढवता येतं, पण कमी करायला रीबूटच लागतं.

लोडर.कॉन्फचा धोका मोठा आहे, कारण ती चुकीबद्दल काही बोलत नाही. तिथली ओळ कर्नलच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या यादीत जाते. त्या नावाची सेटिंग खरंच आहे का, हे कुणी तपासत नाही. स्पेलिंग चुकलं तरी ती यादी दाखवणारी केएन्व्ह कमांड ते चुकीचं नाव बिनतक्रार दाखवते. म्हणून बूट झाल्यावर खरी किंमत सिससीटीएललाच विचारा. सिससीटीएल.कॉन्फमध्ये चुकलेल्या नावाला निदान 'अननोन ओआयडी' (असं नावच माहीत नाही) असं उत्तर तरी येतं. पण नाव बरोबर असूनही तेच येत असेल, तर मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा वेगळा भाग, लोड झालेलं नसतं. नेट.लिंक.ब्रिजखालच्या सेटिंग ब्रिजचं (दोन नेटवर्क जोडणाऱ्या सोयीचं) मॉड्यूल आल्याशिवाय अस्तित्वातच नसतात, ते लोडर.कॉन्फमधून लोड करा.

आता आकड्याकडे. समजा, लॉगमध्ये 'लिसन क्यू ओव्हरफ्लो', म्हणजे प्रोग्रॅमकडे येणाऱ्या जोडण्यांची रांग भरून वाहिली, आणि सोबत '१९३ ऑलरेडी इन क्यू' दिसतं. या रांगेची मर्यादा कर्न.आयपीसी.सोमॅक्सकॉन मुळात १२८ असते, रांग त्याच्या दीडपटीच्या, म्हणजे १९२ च्या, वर गेली की कर्नल पुढची जोडणी टाकून देतो. नेटवर्कची स्थिती दाखवणाऱ्या नेटस्टॅट कमांडला डॅश एलएएन द्या, एल मोठा: प्रत्येक सॉकेटपुढे (प्रोग्रॅम जोडण्या घेतो त्या टोकापुढे) तीन आकडे येतात, थांबलेल्या जोडण्या, अर्धवट जोडण्या आणि मर्यादा. सोमॅक्सकॉन १०२४ केलं तरी तिसरा आकडा १२८ च राहतो, कारण मर्यादा प्रोग्रॅम लिसन कॉल करतो, म्हणजे जोडण्या ऐकायला सुरुवात करतो, त्या क्षणी ठरते. सेवा रीस्टार्ट करावीच लागते. शिवाय प्रोग्रॅमने स्वतःच कमी मागितलं असेल तर कर्नल वाढवून देत नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर फ्रीबीएसडीवर मुळात उणे १ मागतो, म्हणून त्याला पूर्ण मर्यादा मिळते. आणि पहिला आकडा सतत भरलेलाच असेल, तर जोडण्या घेणारा प्रोग्रॅमच त्या वेळेत उचलत नाहीये; तिथे रांग वाढवून फक्त ताटकळणं वाढेल.

कुणाची तरी तीस ओळींची यादी जशीच्या तशी चिकटवू नका. एका वेळी एक बदल करा, आधीची किंमत आणि कारण हॅशच्या (#) टिपणाच्या ओळीत लिहा.

लोडर.कॉन्फमधल्या ओळीने मशीन बूटच होईनासं झालं, तर मेन्यू दिसतो त्या १० सेकंदांत 'एस्केप टू लोडर प्रॉम्प्ट' निवडा, अनसेट लिहून सेटिंगचं नाव द्या, मग बूट. हे त्या एका बूटपुरतंच टिकतं. आत शिरल्यावर आधी फाइलमधली ओळ काढा.