सह्या

अलिबागजवळच्या चोंढीला दवाखाना टाकून मला सतरा वर्षं झाली. किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात मुंबईच्या मोठ्या घराण्यांचे बंगले आहेत. माझ्याकडे येतात ते त्यांचे माळी, स्वयंपाकी, रखवालदार. मालकांचे डॉक्टर मुंबईला. त्यामुळे जुलैतल्या एका संध्याकाळी बंगल्याचा रखवालदार निथळत दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं त्याचंच काही दुखतंय. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदललेत.)

"डाक्टर, चला. छोटं शेठ सकालपासून सह्या करतान."

"कसल्या सह्या?"

"चादरीवर. बोटानं."

मी बॅग उचलली.

खोलीला बाहेरून कडी होती. आत चौतिशीचा माणूस, घामानं चिंब, अंगात ताप, हात थरथरत होते, नाडी १४०. उजव्या हाताचं बोट चादरीवर फिरे, मग तो पान उलटल्यासारखं करी आणि पुन्हा बोट फिरे. "अजून किती राहिले?" असं त्यानं मला विचारलं. मग एकदम पाय जवळ घेतले, कारण त्याला लोडाखालून खेकडे येताना दिसत होते.

मुंबईहून आलेले कंपनीचे एक गृहस्थ म्हणाले, "तापात बडबडताहेत. इंजेक्शन द्या, झोपतील." शेवटचा पेग कधी घेतला होता, असं मी विचारलं तर ते गप्प. दारातून रखवालदार बोलला, "रविवारी. आज बुधवार."

कंपनीच्या संस्थापकाचा हा थोरला नातू. काही महिन्यांत कारभार त्याच्या हाती जायचा होता. त्याआधी दारू सुटायला हवी आणि कुणाला कळायला नको, म्हणून घरच्यांनी बाटल्या ओतून दिल्या, फोन काढून घेतला, कडी लावली. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडणं जिवावर बेततं, हे मी प्रत्येक घरात ओरडून सांगतो. दारू मेंदूला दाबून ठेवते. मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. दाब अचानक निघाला की तो जोर तसाच उधळतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, ताप, धावती नाडी. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. काही रुग्ण त्यात आपलं रोजचं कामच करत बसतात. शिंपी शिवत राहतो. हा सह्या करत होता.

आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, दिलं. असा माणूस नीट जेवलेला नसतो, शरीरात बी-१ संपत आलेलं असतं. तशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मग मेंदू शांत करणारं लोराझेपाम.

गृहस्थांना त्याला मुंबईला न्यायचं होतं. मांडव्याच्या लाँची पावसाळ्यामुळे बंद, त्या दिवशी गाड्या नेणारी रो-रो बोटही रद्द; म्हणजे वडखळवरून रस्त्यानं, त्या पावसात. मी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचा हट्ट धरला. त्याच्या वडिलांना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "नाव कुठं येणार नाही ना?" संताप आला मला. पण त्यांचा आवाज कापत होता, हेही सांगायला हवं.

वाटेत गाडीत फिट आलीच. रखवालदारानं त्याला कुशीवर धरलं होतं, लाळ पुसत होता, "शेठ, झाला, झाला" म्हणत होता. वडखळच्या रस्त्यावर असतो तर काय, हा विचार मला आजही सोडत नाही.

चौथ्या दिवशी तो शुद्धीवर होता. मी काही विचारलं नाही, तोच बोलला. एकविसाव्या वर्षी आजोबांनी खुर्चीवर बसवलं. कागद यायचे, सहीच्या जागी रंगीत पट्टी चिकटवलेली असायची. एकदा त्यानं सही केली तो कागद कारखाना बंद करण्याचा होता. लहानपणी त्याच कारखान्याच्या आवारात त्याला कामगारांनी सायकल शिकवली होती. त्याला ते कळलं ते गेटवरच्या गर्दीत आपलं नाव ऐकल्यावर. सकाळची दारू तिथून सुरू झाली.

घरी सोडायच्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. मी डेंग्यूचं सर्टिफिकेट द्यावं, असं त्यांचं म्हणणं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय आणि तो मी जिवापाड पाळीन. खोटा आजार मात्र लिहून देणार नाही, असं मी सांगितलं. रखवालदाराची नोकरी महिन्याभरात गेली. आता तो नागावला दुसऱ्या कुणाची वाडी राखतो. मला बोलावल्याबद्दल त्याला काढलं, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

सिस्टरनं डिस्चार्जचा कागद त्या तरुणापुढे ठेवला आणि खाली बोट दाखवलं, "इथे सही." त्यानं पेन घेतलं, पण कागद वरून वाचायला लागला. हात अजून थोडा कापत होता. मधेच थांबून मला एका औषधाचं नाव विचारलं, ते कशासाठी तेही विचारलं. मागची बाजूही वाचली. सिस्टरच्या मागे तीन माणसं ताटकळली होती.

मग त्यानं सही केली.