जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर आणि काळ्या मातीतले अर्थिंग
यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आलेला फेंडर चॅम्प हा सुमारे 5 वॅटचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा गिटार अँप्लिफायर 120 व्होल्टचा असल्याने, आपल्या 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याला व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. वीज बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत (विद्युतभार साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या भागांत) 300 व्होल्टांहून अधिक, प्राणघातक दाब उरू शकतो. म्हणून ते रेझिस्टरमार्फत रिकामे करून मल्टीमीटरने खात्री केल्याशिवाय चेसिसमध्ये (आतल्या धातूच्या सांगाड्यात) हात घालू नये. वाळलेले कपॅसिटर बदलून मी दोन तारांच्या जुन्या केबलऐवजी तीन तारांची केबल बसवली. मात्र ही तिसरी, म्हणजे अर्थची, तार घराच्या जमिनीत केलेल्या अर्थिंगइतकीच विश्वासार्ह असते, आणि आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावेच लागते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांना जोडणारा मूळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुस्थितीत आहे, तो मी बदलणार नाही.