कपाट रिकामं होतं

सत्तावीस क्रमांकाची उत्तरपत्रिका मी तीनदा कोड केली, म्हणजे तिच्यातल्या उत्तरांना नियमाप्रमाणे आकडे दिले: खोडलेल्या माहितीचा आधार घेतला तर एक, नाहीतर शून्य. आकडा दर वेळी तोच आला आणि ती वगळावी की ठेवावी हा वाद अजून मिटलेला नाही.

खुलासा झाल्यावरही चुकीची माहिती मनात किती टिकते, हे मोजणारा गोदामाच्या आगीचा हा प्रयोग आमच्या, म्हणजे स्मरणाच्या मानसशास्त्राच्या, क्षेत्रात जुना आहे. विल्क्स आणि लेदरबॅरो यांनी तो १९८८ मध्ये केला, जॉन्सन आणि सायफर्ट यांनी १९९४ मध्ये पुढे नेला. सहभागी व्यक्ती आगीच्या बातमीचे तुकडे एकेक करून वाचते, मागे जाता येत नाही. सुरुवातीला कळतं की शॉर्ट सर्किट झालं त्याच्या जवळच्या कपाटात ऑइलपेंटचे डबे आणि गॅस सिलिंडर होते. पुढे खुलासा येतो की कपाट आगीआधीच रिकामं होतं. मग दहा मिनिटं शब्दकोडं, आणि त्यानंतर प्रश्न.

काही प्रश्न निव्वळ आठवणीचे, काही अनुमानाचे. धूर इतका काळा का होता? आग एवढी कशामुळे भडकली? विमा कंपनी दावा का नाकारू शकेल? सगळ्यात शेवटी, कुठल्या माहितीचा खुलासा झाला होता का? बाहेरच्यांना हा शेवटचा प्रश्न मोलाचा वाटतो, पण आमची मोजणी अनुमानाच्या उत्तरांवर चालते.

कोडिंग वाटतं तितकं सोपं नाही. ‘रंगाच्या डब्यांमुळे’ याला एक. ‘आधी रंग असल्याचं कळलं, पण नव्हते’ याला शून्य. अडचण ‘निष्काळजीपणा’ या शब्दाची. विम्याच्या प्रश्नाला ज्यांनी रंगाचा उल्लेख कधी वाचलाच नाही तेही हेच लिहितात. म्हणून रंगाचा उल्लेखच नसलेली बातमी वाचणारा एक गट लागतो, आणि रंगाची माहिती मिळूनही खुलासा न मिळालेला दुसरा. पहिला गट नसेल तर कोणाच्याही डोक्यात रंगाचे डबे ‘सापडतात’. नियम उत्तरपत्रिका उघडण्याआधी लिहून ठेवायचे, आणि कोड करणाऱ्या दोघांनाही कुठला कागद कुठल्या गटाचा हे कळू द्यायचं नाही. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय आलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नाही.

सत्तावीस क्रमांकाने शेवटच्या प्रश्नाला स्वच्छ लिहिलं होतं, ‘हो, कपाटात काहीच नव्हतं.’ त्याच कागदावर, काही ओळी वर, काळ्या धुराचं कारण दिलं होतं ‘तेलाचा रंग जळाला’, आणि स्फोटांचं कारण ‘सिलिंडर’.

सहकारी म्हणाला, लक्ष देऊन वाचलेलं नाही, काढून टाकू. मला हे पटलं नाही. आठवणीच्या प्रश्नांची तिची उत्तरं अचूक होती. खुलासा तिने वाचला, समजून घेतला आणि लक्षातही ठेवला. अशी उत्तरपत्रिका काढून टाकली तर जे मोजायला बसलो तेच फेकून दिलं. खुलासा आठवत नाही त्यांचीच पूर्वीची समजूत टिकते, हा गैरसमज संशोधकांमध्येही आहे, याचं मला वाईट वाटतं.

कारण असं सांगता येतं की रंगाचे डबे काढून घेतल्यावर काळ्या धुराला कारणच उरत नाही. ‘रिकामं होतं’ हे वाक्य पोकळी करतं, भरत नाही. विचारताक्षणी मन हाताशी असलेलं कारण उचलतं, ते खोडलेलं असलं तरी. आग मुद्दाम लावल्याचा पुरावा सापडला असं त्याच बातमीत सांगितलं की रंगाचे उल्लेख लक्षणीय घटतात. अनेकदा पुरते संपत नाहीत. दुसरं स्पष्टीकरण स्मरणाचं आहे. जुनी माहिती आपोआप वर येते, ‘हे खोटं’ ही खूण मात्र आठवणीत शोधावी लागते, आणि शोधायला वेळ व कष्ट लागतात. सत्तावीस क्रमांकाचं यातलं नेमकं काय झालं, हे एका कागदावरून ठरवता येत नाही.

तरी आरोग्याच्या पत्रकांमध्ये ‘अमुक लशीने तमुक होत नाही’ एवढंच छापून काम झालं असं समजणाऱ्यांचा मला राग येतो. गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध अवघ्या १२ मुलांवर होता, तो २०१० मध्ये मागे घेतला गेला, आणि शंका आजही फिरतेय. मूल ज्या वयात ही लस घेतं, साधारण त्याच वयात ऑटिझमची लक्षणं पालकांच्या लक्षात येऊ लागतात. हे कारण पत्रकात सांगायलाच हवं, नाहीतर पालकांच्या मनात लसच उरते.

ती उत्तरपत्रिका मी विश्लेषणात ठेवली आहे. दुसऱ्या कोडरशी माझं फक्त एका उत्तरावर जुळलं नाही. दावा का नाकारला जाईल, तर ‘कपाटातला निष्काळजीपणा’. त्याने शून्य दिला, मी एक.