पिकअपच्या हौद्यावरचं व्हिनायल कव्हर: धुणं, वाळवणं, जपणं

पिकअपच्या हौद्यावरचं गुंडाळायचं व्हिनायल कव्हर अचानक फाटलं, असं क्वचितच होतं. ते आधी वाळतं, कडक होतं आणि मग शिवणीपाशी किंवा घडीवर तडकतं. यात उन्हाचा हात असतोच, पण आपण हौसेने चोळलेल्या चुकीच्या द्रव्यांचाही तितकाच असतो.

व्हिनायल म्हणजे पीव्हीसी. ते मुळात कडक. नळाचे पाइप त्याचेच होतात. त्यात प्लॅस्टिसायझर मिसळला की ते मऊ पडतं, आणि ताण सोसायला त्याला पॉलिएस्टरच्या विणीचा आधार दिलेला असतो. उष्णतेने हा प्लॅस्टिसायझर हळूहळू निघून जातो, अतिनील किरणांनी वरचा थर ठिसूळ होतो. काळं कव्हर जास्त तापतं, म्हणून तिथे हे लवकर घडतं. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल, रॉकेल यांनी डाग निघतो, पण त्याबरोबर प्लॅस्टिसायझरही निघतो. तो परत भरणारं कुठलंही क्रीम नाही. कोपऱ्यावरची किनार बोटांत दुमडून बघा. घडीवर बारीक पांढुरक्या रेघा उमटल्या, तर ऱ्हास सुरू झालाय. त्यापुढे आहे तेवढं टिकवणं एवढंच हातात राहतं.

धुताना गाडी सावलीत हवी आणि कव्हर हाताला गार लागायला हवं. तापलेल्या कव्हरवर साबण लगेच वाळतो आणि त्याचे ओघळ बसतात. कव्हर बंद करून ताणलेलंच ठेवा, म्हणजे ब्रश नीट फिरतो. आधी भरपूर पाणी सोडून धूळ-रेती वाहू द्या. हे टाळलं तर पुढे ब्रशखाली तीच रेती घासली जाते. मग 4 लिटर पाण्यात 2 मोठे चमचे सौम्य कार शॅम्पू घालून मऊ ब्रशने गोल-गोल, एका वेळी हातभर भाग घासा. व्हिनायलवर चामड्यासारखी बारीक नक्षी असते, मळ तिच्या खाचांत बसतो. नुसत्या कापडाने तो वरच्यावर फिरतो, निघत नाही. फेस वाळायच्या आत धुऊन टाका. प्रेशर वॉशर नकोच. त्याची धार शिवणीच्या भोकांतून आत शिरते आणि जोडलेल्या कडा उचलते.

पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की ती सुटते. काळे ठिपके बहुधा बुरशीचे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून लावा, पंधरा मिनिटांनी ब्रश मारून धुवा. ब्लीचचा मोह आवरा. त्याने रंग उडतो, वरचा थर आणि शिवणीचा दोरा दोन्ही कमजोर होतात. आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र तर कधीच आणू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

खरी हेळसांड होते ती खालच्या बाजूची. तिथलं कापड ओल धरतं. वरून कोरडं दिसलं म्हणून कव्हर गुंडाळून ठेवलं की आतल्या घड्यांत काही दिवसांतच बुरशी येते. धुतल्यावर मायक्रोफायबरने टिपा, कव्हर उघडून खालची बाजू पुसा, वारा लागू द्या आणि हाताने चाचपूनच गुंडाळा.

संरक्षणासाठी पाण्यावर आधारित, अतिनील किरण रोखणारं प्रोटेक्टंट घ्या. पेट्रोलियमवर आधारित तेलकट ड्रेसिंग, म्हणजे चकाकी आणणारं द्रव्य, घेऊ नका. चकाकी म्हणजे संरक्षण नव्हे. नीट लावलेलं कव्हर जवळजवळ मॅटच दिसतं. पूर्ण कोरड्या कव्हरवर, सावलीत, फवारा कापडावर मारून पातळ थर पसरवा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्या. बोट फिरवल्यावर चिकट लागलं तर जास्त झालंय, त्यावर धूळ बसणारच. गाडी रोज उन्हात उभी राहत असेल तर महिना-दीड महिन्याने पुन्हा लावा. शिवणी आणि घडीच्या रेघा चुकवू नका, तडा पहिल्यांदा तिथेच जातो.

वेल्क्रोच्या आकड्यांत अडकलेला कचरा जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर पकड सुटते आणि वाऱ्यावर कडा फडफडते. रबरी सीलला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. पेट्रोलियम जेलीने काही रबरं फुगतात. मधे पाणी साचत असेल तर ताण वाढवणारे स्क्रू दोन्ही बाजूंना सारखेच आवळा. एकच बाजू आवळली की कव्हर तिरकं ओढलं जातं.

कडक थंडीत व्हिनायल आखडतं आणि आकसतं. अशा वेळी ते जोर लावून उघडू किंवा ताणू नका, आधी ऊब मिळू द्या. बर्फ मऊ झाडूने लोटा, खरवडणी वापरू नका.

बारीक चीर दिसली तर लगेच ठिगळ लावा, कारण ताणामुळे ती वाढतच जाते. ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी सुटतात. चिकटवायची तेवढीच जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा, मऊ पीव्हीसीसाठीचाच गोंद लावा, वर सपाट वजन ठेवा आणि 24 तास कव्हर ताणू नका.