मांजरसुंब्याला अडीच तास

संभाजीनगर ते लातूर, इलेक्ट्रिक गाडीनं. बीडजवळचा चार्जर ॲपवर हिरवा, जागेवर मुका. शेवटी मांजरसुंब्याच्या धाब्यावाल्या मामांनी फ्रीजची पिन काढून १५ अँपिअरचं सॉकेट दिलं. तासभराच्या चार्जिंगला जेमतेम २० किलोमीटर!

बीएमडब्ल्यू आय३ या इलेक्ट्रिक गाडीत ६४७ सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन मिळायचं, ते आठवलं. चाकं फिरवायची नाहीत, फक्त वीज बनवायची. (आपल्या गाडीत कधी येणार?) मामांना हे सांगितलं, तर म्हणाले, "म्हंजे जनरेटरच की!"

दुसरी भाकरी मोडली आणि लाईट गेली. सासूबाईंचा चौथा फोन. मामांनी मागं जाऊन डिझेलचा जनरेटर धडधडवला.

"घ्या, आता तुमचीबी गाडी तसलीच झाली."