लांबच्या पायी वाटेवर गावातला थांबा
आज गावात मुक्काम. पायांना सुट्टी असली तरी कामं बरीच असतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा.

खोलीत शिरल्या शिरल्या पॉवर बँक चार्जिंगला लावायची. १०,००० एमएएचची बँक साध्या चार्जरवर सहज पाच-सहा तास खाते. मग ओला तंबू पसरायचा. तसाच गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटायला लागतो.

पाय मात्र निवांत बघा. धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा. फोड लहान असेल तर फोडू नका, वर टेप पुरे. मोठा आणि ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी अजिबात ओढू नका, खालच्या कोवळ्या त्वचेला तिचंच संरक्षण असतं. मोज्यांत घामाचं मीठ आणि माती राहिली की घासून नवे फोड येतात, म्हणून पाणी बदलून दोनदा धुवा, उलटे करून वाळवा.

खरेदी जेवल्यावरच! भुकेल्या पोटी पिशवी हमखास जड होते. दिवसाला माणशी ६०० ते ८०० ग्रॅम कोरडा शिधा धरा, खोकी इथेच काढून टाका. पाण्याच्या फिल्टरची धार बारीक झाली असेल तर स्वच्छ पाणी उलट्या दिशेने दाबून सोडा.