ब्रह्मपुरीच्या टेकडीवरून टाऊन हॉलकडे

कोल्हापूरला आत्याकडे जायचं म्हणजे अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर एक फेरी आणि रात्री तांबडा-पांढरा, हे आमचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. या खेपेला मात्र मी मुद्दाम एक दिवस जास्तीचा काढून गेलो. टाऊन हॉलमधलं संग्रहालय नीट बघायचं होतं, आणि तिथल्या वस्तू ज्या मातीतून निघाल्या ती टेकडी त्याच्याही आधी.

सकाळी चहा घेताना आत्याला बेत सांगितला. "टाऊन हॉल व्हय? चाळीस वर्षं दारावरनं जातोय, आत पाऊल ठेवलं नाही बघ. थांब, मी पण येतो." कोल्हापुरात बायका 'येतो-जातो'च म्हणतात. तिचं हे बोलणं कानावर पडलं की मला खऱ्या अर्थानं कोल्हापुरात पोचल्यासारखं वाटतं.

पंचगंगा घाटावर ऊन अजून कोवळं होतं. पायऱ्यांवर धुणं चाललेलं, काळ्या दगडाच्या देवळांना पाणी लागलेलं. तिथून ब्रह्मपुरी लांब नाही. टेकडी म्हणतात, पण आता नुसता चढ जाणवतो, कारण सगळीकडे घरं झालीत. इथंच १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. खाली सातवाहन काळातली विटांची घरं, आणि वरच्या थरांत थेट बहामनी काळापर्यंतची वस्ती. म्हणजे ज्या ठिकाणी आत्ता एक बाई दारात तांदूळ निवडत बसली होती, तिथं दोन हजार वर्षांपूर्वीही कुणाचं तरी दार होतं. त्या विचारानं मी बराच वेळ तिथून हललो नाही.

मग टाऊन हॉल. सीपीआर रुग्णालयाच्या समोर, झाडीत बसलेली ती काळ्या दगडाची इमारत. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, उंच मनोरे. मेजर चार्ल्स मँट यांनी ती १८७२ ते १८७६ या काळात बांधली. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच आराखड्याचा. आवारात तोफा, वीरगळ, शिलालेख. शिलाहार राजांच्या काळातले या भागातले कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. ते वाचायचं काम राजाराम कॉलेजातले प्राध्यापक के. जी. कुंदणगार यांनी अंगावर घेतलं, आणि १९३९ साली त्यांनी या लेखांचं पुस्तक काढलं. गोठ्यात, देवळाच्या पायरीला, विहिरीच्या काठाला लागलेले दगड कुणीतरी थांबून वाचतो, म्हणून गावाचा इतिहास उरतो. माझ्या मनात अशा माणसांबद्दल फार आदर आहे.

आत गेल्यावर मी सरळ पोसायडनकडे वळलो. ग्रीकांचा समुद्रदेव, काशाचा, ब्रह्मपुरीत सापडलेला. उंची वीतभरसुद्धा नाही. फोटोत बघून मोठ्या मूर्तीची कल्पना केलेली असते, आणि समोर येतो तो मुठीत मावेल असा. पण जवळ वाकून बघा. दाढी, अंगाचा पीळ, एका पायावर टाकलेला भार, सगळं त्या एवढ्याशा धातूत स्पष्ट आहे. हातातला त्रिशूळ तेवढा गेलाय. त्याच्याच सोबतीचा हत्ती, पाठीवर माणसं बसलेला, तो मात्र अगदी आपल्याकडचा.

"समुद्राचा देव पंचगंगेच्या काठाला कशाला आला असंल रे?" आत्यानं विचारलं.

मी तिला घाट सांगितले. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्याकडची वाट. खाली कोकणातली बंदरं, तिथं रोमन व्यापाऱ्यांची गलबतं. बंदरावर उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून वर यायचा. याच भागात कुर राजांची शिशाची नाणी सापडतात. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसरीकडे धनुष्यबाण, आणि ब्राह्मीत 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस', म्हणजे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर राजाचं. तिकडे प्राचीन भूगोलकार टॉलेमीनं आपल्या भूगोलात हिप्पोकुरा नावाच्या राजधानीतला बॅलिओकुरोस राजा नोंदवलाय. तो हाच विळिवायकुर, असं अभ्यासक मानतात. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसाला आपल्याकडच्या राजाचं नाव ठाऊक होतं! आत्या म्हणाली, "आणि आम्हाला आज कळतंय."

चित्रांच्या दालनात आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढायला हवा, म्हणून इथं जास्त लिहीत नाही.

ब्रह्मपुरीच्या वरच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे भरपूर निघाले. त्यांच्याविषयी मी सांगायला लागलो आणि आत्या थबकली. काळे, हिरवे, काहींवर पिवळी नक्षी, असं मी म्हणत होतो, आणि ती आपल्या मनगटावरच्या काकणांवरून बोट फिरवत होती.

"असली काकणं आमच्या घरात होती," ती हळू आवाजात म्हणाली. "मी लग्न होऊन आलो त्या वर्षी खालच्या गल्लीत कुणाच्यातरी घराचा पाया काढत होते. मातीत असले तुकडे निघायचे. जाड, आत्ताच्यासारखे नव्हेत. आमच्या वन्सं काचापाणी खेळायला ओटीत भरून आणायच्या."

"मग कुठं गेले ते?"

ती काही बोलली नाही. बाहेर तोफेजवळच्या कट्ट्यावर बसली, पिशवीतून मोबाईल काढला आणि इचलकरंजीला फोन लावला.

"वन्सं, मी बोलतोय. ते आपलं काचापाणी असायचं बघा, बिस्किटाच्या डब्यात... व्हय, तेच. टाकलं काय हो कुणी?"